बंद केलेली गोळी

भातकुली तालुक्यात साठी ओलांडलेल्या माणसाला सहसा एकच डॉक्टर नसतो. बीपी आणि साखरेच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रातून मिळतात. छातीत दुखलं की अमरावतीचा हृदयाचा डॉक्टर गाठायचा. मोतीबिंदू शिबिरात निघतो. गुडघे फारच धरले तर बाजाराच्या दिवशी एक इंजेक्शन घेऊन यायचं. मोठं दुखणं निघालं तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. दिवाळीनंतर पोरगा पुण्याला घेऊन गेला, की तिथल्या कॉलनीतला दवाखाना. यांतला प्रत्येक जण आपापल्या परीनं नीट तपासतो, औषध देतो. पण आधीच्या दवाखान्यात काय झालं हे पुढच्याला कळवायचं काम कोणाचं, हे कुठेच ठरलेलं नाही. शेवटी ते पडतं सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसावरच, ज्याला कागद वाचता येत नाही, वाचता आला तरी डॉक्टरचं अक्षर लागत नाही, आणि अक्षर लागलं तरी डोळ्यांनी दिसत नाही.

मी याच तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होत गेली. आता पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलेलं असतं. बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून मी इथं रुजू झाले. बीपी मोजणं, साखर तपासणं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला देणं, हे माझ्या कामाच्या यादीत आहे. यादीत नसलेलं, पण म्हाताऱ्या पेशंटमागे सगळ्यात जास्त वेळ घेणारं काम म्हणजे त्यांचे कागद लावणं. कोणत्या डॉक्टरनं काय सांगितलं, ते दुसऱ्याला माहीत आहे का, नसेल तर ते त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं, यात माझे दिवसचे दिवस जातात. हे काम करता करता जे उमगलं, ते लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे दवाखान्याचे कागद पन्नीत असतात. कापड दुकानाची नाहीतर कृषी केंद्राची पन्नी, तिच्यात डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं आणि अर्धे संपलेले गोळ्यांचे पत्ते. लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या शेजारी ती जपून ठेवलेली असते. उपकेंद्रात येताना मात्र बहुतेक जण ती घरीच ठेवून येतात, कारण अमरावतीचं दुखणं वेगळं आणि गावचं वेगळं असं त्यांच्या मनात असतं. म्हणून आमच्या आशाताई घरभेटीला गेल्या की एकच निरोप ठेवतात: येताना पन्नी आणा, अन् घरातल्या सगळ्या गोळ्या आणा, जुन्यासुद्धा.

‘जुन्यासुद्धा’ हे आम्ही एका आजींमुळे सांगायला लागलो. बीपी आणि साखर दोन्ही असलेल्या, सत्तरीच्या, स्वतःच्या हातानं स्वयंपाक करणाऱ्या आजी. पावसाळ्यात उलट्या-जुलाबानं बेजार झाल्या, म्हणून अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात त्यांना भरती केलं. चार-पाच दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला उपकेंद्रात आल्या, तेव्हा धरून चालत होत्या. एरवी दीडशेच्या आसपास असणारं वरचं बीपी शंभराच्याही खाली होतं. डिस्चार्ज कार्ड पाहिलं. त्यावर एक नवी बीपीची गोळी होती, ॲम्लोडिपिन, आणि साखरेची नवी गोळी. आम्ही देत होतो त्या टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिनचा कुठे उल्लेखच नव्हता. मी आशाताईंना घरून सगळ्या गोळ्या आणायला लावल्या. टेल्मिसार्टनचा पत्ता अर्धा रिकामा होता, मेटफॉर्मिनचाही. आजी नव्या आणि जुन्या, दोन्ही घेत होत्या.

“आजी, या कायले घेतल्या?”

“अवो पोरी, नव्या देल्ल्या म्हणून जुन्या बंद कर, असं थोडीच सांगतलं कोणी? चांगल्या गोळ्या हायेत, फेकू कायले?”

आजींचं चूक नव्हतं. ज्या पिढीनं दुष्काळात दाणा दाणा सांभाळला, ती चांगली गोळी फेकणार नाही. कार्डावर जे सुरू करायचं ते लिहिलं होतं. जे थांबवायचं ते लिहिलं नव्हतं. आता मला हे कळायला हवं होतं, की त्या दोन गोळ्या मुद्दाम थांबवल्या, की लिहायच्या राहिल्या? दोन्ही शक्य होतं, आणि दोन्हींत पुढे करायचं ते अगदी उलट होतं. कार्डावरच्या नंबरावर फोन लावला. कार्ड लिहिणारे डॉक्टर ड्युटीवर नव्हते. त्या दिवशी त्या गोळ्या थांबवून ठेवल्या, आजींना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी आमचे वैद्यकीय अधिकारी स्वतः त्या डॉक्टरांशी बोलले. तेव्हा उलगडा झाला. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होऊन क्रिएटिनिन वाढलं होतं, किडनीवर ताण होता, म्हणून दोन्ही गोळ्या विचार करून थांबवल्या होत्या. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करायची की नाही ते ठरवायचं होतं. सगळं बरोबर होतं. फक्त ते डॉक्टरांच्या डोक्यात होतं, आजींच्या कार्डावर नव्हतं.

तपासणी केली, क्रिएटिनिन पुन्हा थोडं वाढलेलं निघालं, गोळ्या थांबवल्यावर हळूहळू उतरलं. आजी आज ठीक आहेत. पण त्या दिवसापासून मी कुठलंही डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं, की आधी शोधते ते बंद केलेलं औषध. नवी गोळी स्वतःच समोर येते. ती कार्डावर लिहिलेली असते, मेडिकलवाला देतो, घरचे आणतात. बंद केलेली गोळी गुपचूप असते. ती जुन्या पत्त्यात घरी बसलेली असते, आणि पुढच्या महिन्यात सरकारी पुरवठ्यातून पुन्हा मिळते.

उलट बाजूनंही असं होतं. छातीत छल्ला (स्टेंट) टाकलेले एक बाबा लेकीकडे यवतमाळला गेले होते. तिथं दाढ काढायची ठरली, आणि दाताच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवा म्हणून सांगितलं. पुन्हा कधी सुरू करायच्या, हे बाबांनी विचारलं नाही. छल्ला टाकून वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत, कारण छल्ल्यात रक्ताची गुठळी होऊन ते जिवावर बेतू शकतं. गावी परत आल्यावर आशाताईंनी गोळ्या मोजल्या तेव्हा पत्ता जिथं होता तिथंच होता. त्याच दिवशी अमरावतीला फोन झाला आणि गोळ्या सुरू झाल्या. या दोन घटनांनी मला एवढं शिकवलं, की ‘बंद’ हा शब्द एकटा लिहून भागत नाही. कोणी बंद केली, कोणत्या तारखेला, कशासाठी, आणि कधीपर्यंत, ही चारही उत्तरं सोबत हवीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. त्यात तीन गोष्टींकडे आधी लक्ष द्या म्हणून सांगितलं: धोक्याची औषधं आणि धोक्याचे प्रसंग, एकाच माणसाला लागलेल्या अनेक गोळ्या, आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती वेळ. आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला या तिन्ही एकाच दिवशी येतात, ज्या दिवशी तो दवाखान्यातून सुटून घरी येतो. म्हणून आशाताई आणि मी मिळून एक नेम धरला आहे. गावातलं कोणी म्हातारं माणूस भरती होऊन आलं, की पहिल्या आठवड्यातच घरी जायचं आणि नव्या-जुन्या गोळ्या कार्डाशेजारी मांडून बघायच्या.

त्यातूनच आमचा एक पानाचा कागद तयार झाला. वर नाव, वय, आणि घरातल्या ज्या माणसाला खरंच माहिती असते त्याचा फोन. खाली आजार, कोणत्या वर्षापासून. झालेली ऑपरेशनं. कोणतं औषध सोसत नाही. मग रोजच्या गोळ्या: कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, आणि कशासाठी. त्याखाली ‘बंद केलेली औषधं’ आणि ती चार उत्तरं. मग शेवटचं बीपी, साखर, क्रिएटिनिन आणि वजन, तारखेसह. अगदी खाली दोन ओळी असतात, ज्या कुठल्याच दवाखान्याच्या कार्डावर नसतात: हे माणूस एरवी कसं असतं, आणि घरात गोळ्या कोण देतं. वैद्यकीय अधिकारी पान तपासून सही करतात. एक प्रत पेशंटजवळ, एक उपकेंद्राच्या फाईलला. काही बदललं की जुनं पान फाडून नवं लिहायचं, कारण जुनं पान नसलेल्या पानापेक्षाही वाईट.

औषधाचं मूळ नाव लिहिण्यावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. म्हातारी माणसं गोळी रंगावरून ओळखतात. ‘थे गुलाबी बीपीची, थे लहान पांढरी साखरेची.’ पण सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की रंग बदलतो, आकार बदलतो. गुलाबी गोळी पांढरी झाली की काहींना वाटतं औषधच बदललं, आणि ते जुनी-नवी दोन्ही घेतात. खासगी दवाखान्यातून दुसऱ्या कंपनीचं नाव आलं की गोंधळ आणखी वाढतो. एक काकू पहाटे घामाघूम व्हायच्या, हात थरथरायचे, एकदा तर सुनेनं उठवूनही डोळे उघडेनात. सून हुशार, तिनं लगेच आम्हाला बोलावलं. ग्लुकोमीटरवर साखर पन्नासच्या घरात. दोन पत्ते शेजारी ठेवले. एकावर ग्लिमेपिराइड छापलेलं, आमच्याकडचं. दुसऱ्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, आणि खाली डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरात तेच ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिनसोबत. साखर खूप खाली आणू शकणारी एकच गोळी काकू दोन नावांनी, दोन डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेत होत्या. दोन्ही डॉक्टरांनी योग्य मात्रा दिली होती. फक्त एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ मध्येच सांगितलं आहे, की औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं. तो नियम कोणाचा जीव वाचवतो हे मी त्या पहाटे पाहिलं.

‘एरवी कसं असतं’ या ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगते. आपण समजतो, की माहिती मोठ्या दवाखान्याकडून घराकडे यायला हवी. पण घराकडून मोठ्या दवाखान्याकडे जाणारी माहितीही तितकीच मोलाची असते, आणि ती कोणी मागत नाही. गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्याच जिल्ह्यात. ती प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडपाठ म्हणणारे, ऐंशीच्या जवळ गेलेले एक बाबा अचानक भलतंच बोलायला लागले. दिवस आहे की रात्र कळेना, घरच्यांची नावं चुकायला लागली. नातू पुण्याहून सुट्टीवर आलेला. त्यानंच दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, आधीपासून विसरतात का? नातू वर्षात दोनदा येणारा. तो म्हणाला, ‘हो, वय झालंय ना.’ तेवढ्यावर म्हातारपणाचा विसरभोळेपणा अशी नोंद झाली असती. आशाताईंना कळलं, त्यांनी नातवाला फोन केला आणि तिथल्या डॉक्टरांना फोन द्यायला लावला. त्यांनी एवढंच सांगितलं: “साहेब, आठ दिवसांआधी ह्या बाबांनी अख्खी प्रार्थना पाठ म्हटली. हे आत्ताच झालं हाय.” डॉक्टरांनी लगेच रक्तातलं सोडियम तपासलं. ते बरंच खाली आलेलं होतं. बीपीच्या जोडगोळीत लघवीवाटे मीठ घालवणारं औषध होतं, क्लोरथॅलिडोन. उतारवयात त्यानं सोडियम असं उतरू शकतं. ती गोळी बंद झाली, आणि काही आठवड्यांत बाबा पुन्हा प्रार्थनेला बसू लागले. डिग्री नसलेल्या एका बाईनं सांगितलेलं एक वाक्य त्या दिवशी रिपोर्टाच्या तोडीचं ठरलं. चांगल्या डॉक्टरनं ते ऐकून घेतलं, हेही तितकंच महत्त्वाचं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट. किडनीच्या दुखण्याची धास्ती इथं घराघरांत आहे. पण किडनी कमजोर आहे असं एकदा रिपोर्टात निघालं, तरी ते गुडघ्यावर इंजेक्शन देणाऱ्याला माहीत नसतं. आयुष्यभर कापूस वेचून, निंदण करून कंबर आणि गुडघे गेलेले. दुखणं खरं असतं, इंजेक्शननं आराम पडतो हेही खरं. डायक्लोफिनॅकसारखं दुखण्याचं औषध अशा किडनीला घातक ठरू शकतं, हे पेशंटनं डॉक्टरला सांगायचं कसं? म्हणून ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे त्यांच्या पानावर आम्ही लाल शाईनं वर लिहितो: दुखण्याचं इंजेक्शन देण्याआधी विचारा. ते वाचून इंजेक्शन न देता साधी पॅरासिटामॉल देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांना माहिती मिळाली की ते बरोबरच वागतात.

हे पान बोलकं असावं लागतं, कारण त्याच्यासोबत माणूस असेलच असं नाही. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीत तिकीट लागत नाही. ही फार चांगली गोष्ट झाली. म्हातारी माणसं कोणाच्या पैशाची वाट न बघता अमरावतीला जाऊन येतात. पण ती एकटीच जातात. पौष महिन्यातल्या रविवारी आमच्या तालुक्यात पूर्णेकाठी रीणमोचनला यात्रा भरते. तिथल्या आरोग्य पथकात ड्युटी असली की हे फार जाणवतं. बाहेरगावच्या कोणा आजींना चक्कर आली, तर त्यांच्या बटव्यात गोळ्यांचे तुकडे असतात, आणि कशाच्या विचारलं तर ‘थ्या डाक्टरनं देल्ल्या’ एवढंच उत्तर. साखर कमी झाली की वाढली, हे ग्लुकोमीटर सांगतं. पण हृदयाचं काही आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे कोण सांगणार? याच रीणमोचनला गाडगेबाबांनी घाट बांधला, आणि पुढे मुंबईत दूरगावच्या पेशंटसाठी आणि त्यांच्या सोबतच्या माणसांसाठी धर्मशाळा उभी केली. आजारी माणसासोबत घरचं कोणी असणं ही गरज आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. आता घरचं माणूस पुण्याला किंवा सुरतेला कामाला असतं. त्याच्या जागी निदान त्याला माहीत असलेली गोष्ट तरी सोबत असावी.

आता दुसरी बाजू. माहिती पोचवायची म्हणजे सगळ्यांना सांगायची असं नाही. एका विधवा काकूंचं अंग बाहेर यायचं. वयामुळे ऑपरेशन न करता डॉक्टरांनी रिंग बसवली. ती ठरावीक महिन्यांनी काढून तपासावी लागते, नाहीतर आत जखम होते. म्हणजे ही गोष्ट पुढच्या डॉक्टरला माहीत असायलाच हवी. पण काकूंनी माझा हात धरला. “बाई, हे त्या कागदावर नका लिहू. कागद पोरगा वाचते, सून वाचते.” मी लिहिलं नाही. घरच्या पानावर ‘तीन महिन्यांनी महिला डॉक्टरांकडे तपासणी, उपकेंद्रात विचारा’ इतकंच टाकलं. पूर्ण नोंद उपकेंद्राच्या बंद फाईलमध्ये आहे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना माहीत आहे. आपल्या दुखण्यातलं किती कोणाला सांगायचं, हे ठरवायचा अधिकार म्हाताऱ्या माणसाचा असतो. ते ऐकू येत नसलं, सही करता येत नसली, मुलाच्या पैशावर अवलंबून असलं, तरी तो अधिकार जात नाही. म्हणून आमचा नियम ठरलेला आहे: पान भिंतीवर लावायचं नाही, पिशवीत ठेवायचं. रिपोर्टचा फोटो पाठवायचाच तर पेशंटला विचारून, उपचार करणाऱ्या एकाच माणसाला. गावाच्या किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही नाही. काळजीपोटी टाकलेला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेला असतो.

मुलांना हे पटायला वेळ लागतो. ‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका,’ असं म्हणणारे मुलगे प्रेमानंच म्हणतात. मी त्यांना विचारते, पुढचा डॉक्टर बाबांनाच विचारेल, तेव्हा बाबा काय सांगतील? ज्याच्यापासून आजार लपवला, तो आपला आजार पुढे सांगू शकत नाही. बहुतेक घरांत यावर शांतपणे बोलणं होतं, आणि बाबांना आधीच अंदाज होता असंच निघतं.

कायदा या बाबतीत लोकांच्या बाजूनं आहे, पण लोकांना ते माहीत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती पेशंटच्या नोंदी डॉक्टरनं तीन वर्षं ठेवायच्या असतात, आणि पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं तर १९९६ मध्येच केस पेपरची प्रत मिळणं हा पेशंटचा हक्क मानला. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावायला सांगितली. मी आजी-बाबांना एवढंच सांगते: सुट्टी होताना बिलाची पावती मागता, तसाच पूर्ण कागदही मागा. मागण्यात उद्धटपणा नाही.

२०२१ पासून आभा क्रमांकही आला आहे. चौदा अंकी, त्याला दवाखान्याच्या नोंदी जोडल्या तर पेशंटच्या परवानगीनं दुसऱ्या दवाखान्यात दिसू शकतात. बरेच लोक याची आणि सत्तरीवरच्यांच्या वय वंदना कार्डाची गल्लत करतात. वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, ते पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा खर्च उचलतं. आभा खर्च देत नाही, नोंदी जोडतं. दोन्ही काढून घ्यावीत असं मी सांगते आणि काढायला मदत करते. अडचण एवढीच, की आभाचा ओटीपी येतो तो मोबाइल पुष्कळदा मुलाच्या खिशात, पुण्यात असतो. दवाखान्यानं नोंद जोडलीच नाही, तर क्रमांक रिकामा राहतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या प्रकल्पाकडे मी म्हणूनच आदरानं बघते. पेशंटजवळ राहणारं बीपीचं कार्ड आणि केंद्रातली नोंद यांची सांगड त्या प्रकल्पानं घातली. यंत्र चांगलं की कागद, या वादात मला रस नाही. माहिती पेशंटसोबत चालायला हवी, आणि पुढच्या माणसाला ती दोन मिनिटांत वाचता यायला हवी.

तीन जणांना माझी विनंती आहे. अमरावती-नागपूरच्या डॉक्टरांना: डिस्चार्ज कार्डावर ‘बंद केलेली औषधं’ असा एक रकाना छापून घ्या, त्यात कारण आणि पुढची तपासणी लिहा, आणि गावच्या केंद्रातून फोन आला तर घ्या. पुण्या-मुंबईच्या मुलांना: पुढच्या वेळी गावी आलात की एक दुपार आई-वडिलांजवळ बसा, पन्नी उघडा, त्यांना विचारून विचारून एक पान लिहा, आणि ते लिहिताना तुम्हाला काय ठाऊक नव्हतं ते लक्षात घ्या. आणि आजी-बाबांना: जुनी गोळी फेकायची नसेल तर फेकू नका, पण आम्हाला दाखवल्याशिवाय घेऊही नका. या तिन्हींना पैसा लागत नाही, नवी मशीन लागत नाही. ज्या आजींनी नव्या-जुन्या दोन्ही गोळ्या घेतल्या, त्यांना त्या रकान्यातली एक ओळ पुरली असती.